पत्ता सांगा, वय सांगतो

(आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना खोकले, पंख्याची कुरकुर आणि मध्येच वाजलेले दोन फोन गाळले आहेत.)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

मागे ऐकू येतंय का? ज्यांना येत नाही त्यांनी हात वर करा. एक हात वर झाला, म्हणजे येतंय.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘पुण्यातल्या पत्त्यांचे तीन नियम’. वेळ पाऊण तास. चिटणीसांनी बजावलंय की पावणेसातला घंटा होईल, कारण सातला इथे योगवर्ग असतो आणि वडे गार झालेले कोणालाच चालत नाहीत. तीन नियम मी सांगणारच आहे, निश्चिंत असा. नियम काय, दोन मिनिटांत सांगून होतात. त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

मी पोस्टात ३४ वर्षं काढली. त्यातली ११ वर्षं पोस्टमन म्हणून पेठांमध्ये बटवडा केला, मग खात्याची परीक्षा देऊन आत टेबलावर गेलो. आमच्या सौ. म्हणतात की तुम्ही आत गेलात ते फक्त शरीरानं. ते खरं आहे. अजूनही मी रस्त्यानं जाताना दारांवरचे नंबर वाचत जातो. पेठेत राहिलेल्यांना माहीत आहे, ते नंबर एकापुढे एक येत नाहीत. माझ्या बीटमध्ये शेजारी शेजारी भिंत लागून असलेली दोन घरं होती, त्यांच्या नंबरांत सातशेचा फरक होता. नव्या पोस्टमनला जुना पोस्टमन आठ-दहा दिवस बरोबर हिंडवायचा, आणि शिकवायचा काय? नंबर नाही शिकवायचा. ‘हा जिना दिसतो वरचा, पण आहे खालच्यांचा.’ ‘इथे दोन कुलकर्णी आहेत, एकमेकांची पत्रं घेत नाहीत.’ हे शिकवायचा.

तर या सगळ्यातून माझा एक सिद्धान्त तयार झालाय आणि गेली १२ वर्षं मी तो घरी ऐकवतोय. आता घरचे ऐकत नाहीत म्हणून तुमच्याकडे आलोय. सिद्धान्त असा की पुण्यात पत्ता जागेचा नसतो, सांगणाऱ्याच्या वयाचा असतो. मला कोणी पत्ता सांगितला की मी त्याचं वय सांगतो. पाच वर्षं इकडे-तिकडे.

करून बघू. पहिल्या रांगेतल्या ताई, मैत्रिणीला डेक्कनवर भेटायचंय. कुठे ये म्हणाल? ... ‘नटराजपाशी.’ छान. तुम्ही साठीच्या पुढे, पंच्याहत्तरीच्या आत. बाकीचं मी विचारत नाही. त्यांच्या मागचे काका? ... ‘हिंदविजयपाशी.’ ऐंशी! ... त्र्याऐंशी? बघा. आता हिंदविजय आणि नटराज ही दोन थेटरं नव्हेत. एकच थेटर, आधी हिंदविजय होतं, मग नटराज झालं, आणि आता दोन्ही नाहीत. दोघं एकाच जागी उभे राहतील, भेट होईल. पण फोनवर भांडण आधी होईल. माझा नातू म्हणतो, ‘डेक्कनला मेट्रोच्या जिन्याखाली.’ त्याच्या लेखी डेक्कन म्हणजे पगडीच्या आकाराचं छप्पर असलेलं स्टेशन. जिमखाना १९०६ सालचा आहे, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘आजोबा, मग तिकडून ये.’

हे फक्त थेटरांचं नाही. नवा पूल घ्या. शनिवारवाड्यावरून शिवाजीनगरकडे जाताना लागतो तो. १९२३ साली खुला झाला. तेव्हा सरकारी नाव होतं लॉइड ब्रिज, गव्हर्नर लॉइडसाहेबांवरून. नंतर झाला छत्रपती शिवाजी पूल. लोकांनी दोन्ही नावं ऐकून घेतली आणि नवा पूल म्हणाले. २०२३ साली नव्या पुलाला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षांचा असून नवा म्हणवून घेतो, असा आपल्या संघात एकच सभासद आहे, त्यांचं नाव मी घेत नाही.

त्याच्या उलट लकडी पूल. पानिपताच्या सुमाराला, १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधवला, तेव्हा लाकडाचा होता. तो लाकडाचा पूल जाऊन दीडशेच्या वर वर्षं झाली. आता दगडी आहे, कागदोपत्री संभाजी पूल आहे. वरून मेट्रो जाते. तरी रिक्षावाला म्हणतो, ‘लकडी पुलावरून घेऊ का?’ आणि आपण पाय न चोरता होय म्हणतो. नवी पेठ आहे, ती नवी नाही. बुधवार पेठेतला पासोड्या विठोबा बघा. थंडीच्या पासोड्या तिथे विकत म्हणून ते नाव. सोन्या मारुतीपाशी सोनार होते, ते अजून आहेत, म्हणजे एक नाव तरी खरं निघालं. नारायण पेठेतला मोदी गणपती हा खुश्रूशेट मोदी नावाच्या पारशी गृहस्थांच्या बागेत होता म्हणून मोदी, आणि जवळपास सुके बोंबील विकत म्हणून तोच बोंबल्या गणपती. आता एकाच देवाला पारशी आडनाव आणि बोंबलाचा वास, आणि भोवती सगळी नारायण पेठ. ‘बोंबल्या गणपतीजवळ, पुणे’ एवढ्याच पत्त्याचं पत्र मी स्वतः पोचवलंय. पाठवणारा परगावचा होता, अक्षर बाईचं होतं. दुसरीकडे व्यवस्थित टाइप केलेला, रस्त्याचं महापालिकेचं नाव, इमारतीचं नवं नाव, सगळं असलेला लखोटा तीन दिवस माझ्या झोळीत फिरला आणि शेवटी ‘पत्ता अपुरा’ शेरा मारून परत गेला. पत्ता अपुरा नव्हता हो, जास्त होता.

लष्कराचं सांगतो, मग मुद्द्यावर येतो. आमच्या लहानपणी कॅम्पला कोणी कॅम्प म्हणत नसे. लष्कर म्हणत. माझा धाकटा मामा मेन स्ट्रीटवर कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला होता. त्याचं स्थळ घेऊन आमची आजी कोल्हापूरकडच्या मंडळींकडे गेली आणि म्हणाली, ‘मुलगा लष्करात असतो.’ पलीकडून एकदम मान ताठ झाली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, ‘सध्या कुठं असतात?’ आजी म्हणाली, ‘लष्करातच. सकाळी दहाला जातो, रात्री नवाला घरी.’ ‘आणि युद्धात?’ ‘दिवाळीत फार ओढ असते,’ आजी म्हणाली. लग्न झालं. मामीनं पुढे ४० वर्षं हे मामाला ऐकवलं.

तर मुद्दा. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक पार्सल यायचं होतं. हे मला सविस्तर सांगू द्या, कारण माझा सगळा सिद्धान्त त्या एका पार्सलात बांधलेला आहे.

माझ्या कानातल्या यंत्राचे सेल संपले होते. बारीक असतात ते, उडदाच्या दाण्याएवढे. सेल घेऊन येणारा मुलगा फोन करणार, आणि सेल नसल्यामुळे मला फोन ऐकू येणार नाही. ही अडचण पार्सल मागवताना माझ्या लक्षात आली नाही, ते मागवणाऱ्या मुलाच्याही नाही. दुपारी सव्वातीनला फोन वाजला. सव्वातीनला, सदाशिव पेठेत. पण ते सोडा, त्यावर इतक्या जणांनी इतकं लिहून ठेवलंय की आता खरोखर झोपणाऱ्यालाही लाज वाटते.

‘काका, मी पेरूगेटला उभा टाकलोय.’

उभा टाकलोय म्हटल्यावर मी ओळखलं, मुलगा लातूर-उदगीरकडचा. बरं वाटलं. त्या एका ‘टाकलोय’मध्ये खांद्यावरचं ओझं खाली ठेवल्यासारखं काहीतरी आहे. आपण नुसते उभे राहतो.

‘मग या ना.’

‘गेट कुठाय?’

‘गेट नाही.’

‘बंद झालं का?’

‘बंद नाही हो, गेटच नाही.’

‘मग पेरू?’

पेरूही नाहीत. पेरूची बाग होती म्हणे, तिचं फाटक होतं, म्हणून पेरूगेट. तिथे आता पोलीस चौकी आहे. हे मी त्याला समजावून सांगायला लागलो. आपली हीच खोड. माणूस पावसात उभा आहे, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरून, आणि आपण त्याला बागेचा इतिहास सांगतोय. तो बिचारा ऐकत होता. मग त्यानं विचारलं, ‘काका, मी आत्ता कुठं तोंड करू?’ प्रश्न नेमका होता. मी म्हणालो, ‘भावे स्कूलकडे पाठ कर.’

‘पाठ कशाला करू काका, लिहून घेतो की.’

हे मला त्या वेळी ऐकूच आलं नाही. सौ. शेजारी होत्या, त्यांनी नंतर सांगितलं. त्या हसत होत्या आणि मला वाटलं टीव्हीवर काहीतरी चाललंय. मी पुढे चालूच. ‘समोर जुनी वखार होती, तिच्या बाजूचा बोळ धर.’

‘वखर?’ तो म्हणाला. ‘इथं शेत हाय का?’

वखार आणि वखर. त्याच्याकडे वखर म्हणजे शेतात पाळी घालायचं औत. आमच्याकडे वखार म्हणजे लाकडं. आणि प्रत्यक्षात त्या जागेवर आहे मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आणि वर क्लास. मी त्याला लाकडाची वखार सांगतोय, जी मी शाळेत असताना तिथे होती. जळणासाठी लाकडं आणायला आई मला पाठवायची, मालक तराजूत ओंडका टाकताना पायानं पारडं दाबायचा. तो पाय मला अजून दिसतो. त्या मुलाला दिसेना, यात त्याची चूक काय?

‘बोळातून आत आलास की उजव्या हाताला पिठाची गिरणी होती...’

‘होती का हाय?’

हा प्रश्न मात्र मला ऐकू आला. नीट ऐकू आला. ३४ वर्षं पोस्टात काढून मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी गप्प बसलो. तेवढ्यात सौ.नी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, ‘बाळा, निळा पत्रा दिसतोय का? त्याच्याखाली स्कूटर आहे, तिच्या सीटवर पांढरं मांजर बसलेलं असेल. त्या मांजराच्या समोरचा जिना. दुसरा मजला.’

तीन मिनिटांत मुलगा दारात. बाहीनं तोंड पुसलं, पार्सल दिलं, ओटीपी विचारला. ओटीपी मला ऐकू येत नव्हता, तोही सौ.नीच सांगितला. पाणी पिताना तो म्हणाला, ‘काका, तुमी सांगितलेलं एकबी तिथं नव्हतं. काकूंचं मांजर होतं.’

मंडळी, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. सेल घातल्यावर मी त्याला परत म्हणायला लावणार होतो, पण तो जिना उतरून गेला होता.

रात्री मी विचार करत बसलो. मी त्याला खोटं काही सांगितलं नव्हतं. पेरूगेट, वखार, गिरणी, सगळं बरोबर क्रमानं, बरोबर हाताला. पण मी सांगत होतो ते १९७५-७६ सालचं पुणं. माझं तेव्हा वय होतं बावीस-तेवीस, नोकरीला नुकता लागलेलो. म्हणजे मी गावाचा नकाशा त्या वयात छापून घेतला आणि पुढची आवृत्ती काढलीच नाही. आणि सौ. रोज संध्याकाळी भाजीला खाली उतरतात, त्यांची आवृत्ती रोजची. त्यांच्या नकाशात मांजर आहे.

(घंटा? नाही? पाण्याचं भांडं पडलं. बरं.)

पिनकोडबद्दल सांगितलं नाही तर माझ्या खात्याला वाईट वाटेल. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. पुण्याचं ४११. ही पद्धत ज्यांनी बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस, आणि संस्कृतचे मोठे पंडित. संस्कृतात काव्यं लिहिली, नाटकं लिहिली. म्हणजे नाटकं लिहिणाऱ्या माणसानं सगळ्या देशाला सहा आकड्यांत बसवलं. एकाही पुणेकरानं त्यांना पत्र लिहून चूक काढली नसेल, यावर माझा विश्वास नाही. कारण त्याच्या आधीपासून आपल्याकडे ‘पुणे २’, ‘पुणे ४’, ‘पुणे ३०’ चालत होतं. जुन्या मराठी पुस्तकांवर प्रकाशकाचा पत्ता बघा, ‘पुणे ३०’. माझ्या बीटवर एक गृहस्थ होते, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर पत्ता ‘पुणे ४११०३०’ छापून आला म्हणून प्रेसवाल्याशी भांडले. म्हणाले, ‘आधीचे चार आकडे बाहेरच्यांसाठी आहेत. आमच्या पाहुण्यांना तीस पुरतं.’

आता माझी तक्रार. ही दोन मिनिटांत संपवतो.

आमच्या कोपऱ्यावर एक चौक झालाय. चौक म्हणजे काय, दोन बोळ एकमेकांना भेटतात. तिथे एक दिवस ट्रॅक्टर आला, खांब रोवला, पाटी लागली. कैलासवासी अमुक तमुक चौक. खाली सौजन्य, सौजन्याचा फोटो कैलासवासीयांपेक्षा मोठा. मी पाटीविरुद्ध नाही. ते गृहस्थ मला माहीत होते, देवमाणूस होते, पोस्टमनला दिवाळीत न मागता पोस्त द्यायचे. पण गंमत पुढे आहे. त्यांचा मुलगा त्याच चौकात, त्या पाटीच्या बरोबर समोर राहतो. परवा तो गॅलरीत उभा राहून गॅसवाल्याला ओरडून पत्ता सांगत होता. म्हणत काय होता? ‘अरे, दूध केंद्रासमोर!’ बापाच्या नावाचा खांब समोर, आणि मुलगा सांगतोय दूध केंद्र. ते दूध केंद्र बंद होऊन तीन वर्षं झालीत.

फर्ग्युसन रस्त्याचं तसंच. त्याचं अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ. गोखल्यांनी त्या कॉलेजात शिकवलं, आयुष्याची उमेदीची वर्षं दिली. सर जेम्स फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर. १८८५ साली कॉलेज निघालं तेव्हा त्यांचं नाव दिलं गेलं. शिकवलं गोखल्यांनी, रस्ता मिळाला फर्ग्युसनांना, आणि आता पोरांनी त्याचंही ‘एफसी’ करून टाकलं. जंगली महाराजांचं मंदिर ज्या रस्त्यावर आहे त्याचं ‘जेएम’. सत्पुरुषाला इंग्रजी आद्याक्षरं. पण त्यात राग धरण्यासारखं काही नाही, ते कसं ते मी तिसऱ्या नियमात... दुसऱ्या नियमात सांगणार आहे.

एक राहिलंच. पूर. आमच्या पिढीला पत्ता जसा जागेचा तसा वेळेचाही असतो, आणि वेळेचा आमचा पेरूगेट म्हणजे १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मग खडकवासला. मी आठ वर्षांचा होतो. आम्हाला पर्वतीवर नेलं होतं, वरून सगळीकडे मातकट पाणी दिसत होतं आणि आई सारखी म्हणत होती की लोणच्याची बरणी वर ठेवायची राहिली. माझ्या आईला कुठल्याही गोष्टीची तारीख विचारली की उत्तर दोनच. पुराच्या आधी, नाहीतर पुराच्या नंतर. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म पुराच्या नंतरचा, वडिलांची सायकल पुराच्या आधीची. बटवड्याला गेलो की म्हातारी माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवायची, इथवर आलं होतं. रंग दिलेल्या, नव्या बांधलेल्या भिंतीवरसुद्धा दाखवायची. भिंत वेगळी, हाताची उंची तीच.

काय? हो, ही घंटाच होती. पावणेसात? अहो, मी तर आत्ता कुठे... बरं बरं, पाच मिनिटं. चिटणीस, तीन द्या.

तीन नियम. पटापट.

पहिला नियम. पुण्यात नाव वापरातून चिकटतं, ठरावानं नाही. जिथे लोकांना काही मिळालं, थांबावं लागलं किंवा काहीतरी घडलं, ती नावं राहिली. नळ स्टॉपला नळ होता असं सांगतात. साततोटीला हौदाला तोट्या होत्या. कात्रजहून पेशव्यांनी खापरी नळांतून पाणी आणलं, ते जिथे जिथे हौदात पडलं तिथे तिथे नाव उगवलं. पाणी गेलं, हौद बुजले, नावाला अजून ओल आहे. खुन्या मुरलीधराला खुन्या म्हणतात कारण प्रतिष्ठापनेच्या वेळी दारात चकमक होऊन माणसं पडली होती. देवाचा त्यात काडीचा संबंध नाही, पण नाव देवाला लागलं. उलट रे मार्केट बघा. १८८६ सालची इमारत, लॉर्ड रे यांचं नाव. पुढे महात्मा फुल्यांचं नाव दिलं, ते योग्यच होतं. पण तुम्ही-आम्ही म्हणतो मंडई. कारण तिथे आपण भाजी घेतो.

दुसरा नियम. नाव धावत्या रिक्षाच्या मागून ओरडता आलं पाहिजे. ‘नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ’ म्हणेपर्यंत रिक्षा खडकीत पोचते. ‘एफसी!’ हे वाऱ्यावर जातं. त्यामुळे मी पोरांवर रागावत नाही. आपणही ‘डेक्कन जिमखाना’चं ‘डेक्कन’ केलं तेव्हा कोणाला विचारलं होतं? मेट्रोवाल्यांना हे बरोबर कळलंय. फक्त त्यांनी भोसरी नावाचं स्टेशन भोसरीत न बांधता नाशिक फाट्याला बांधलं. त्यावर लोक चिडले, मी मात्र खूश झालो. पाण्याचा गुण लागला म्हणायचा.

तिसरा नियम, हा महत्त्वाचा, आणि याच्यासाठीच खरं तर मी आलो होतो. वस्तू गेल्यावर नाव लगेच जात नाही. नाव जातं ते शेवटचा माणूस गेल्यावर, ज्यानं ती वस्तू बघितली आणि ती न बघितलेल्याला त्या नावानं बोलावलं. लॉइड पूल म्हणणारा मला ३४ वर्षांत एकही भेटला नाही. हिंदविजयवाले आज या खोलीत, हात वर करा, ... चार. चारच. नटराजवाले? ... हां, हे बहुमत. आणि नव्या खुणा तयार होतच असतात, पाडापाडीतूनसुद्धा. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री सुरुंग लावून उडवला. धूळ बसली तर त्यातला बराचसा उभाच. मग यंत्रं लावून पाडायला लागला. आता माझा जावई पत्ता सांगताना म्हणतो, ‘तो पूल पडता पडत नव्हता ना, तिथून डावीकडे.’ जावयाचं वय ४४. बसतंय बघा सिद्धान्तात.

तर माझी एक विनंती आहे. मी वही आणलीय, ही बघा, लांब वही, आमच्या खात्याची नाही, स्वतःच्या पैशांची. प्रत्येकानं एक पान घ्यायचं. आपल्या बोळातली आता नसलेली पाच ठिकाणं लिहायची. पिठाची गिरणी, रद्दीवाला, टांगा स्टँड, सार्वजनिक नळ, काहीही. समोर काय होतं, आत कोण बसायचं, आता तिथे काय आहे. अक्षर वाईट असलं तरी चालेल, मी पोस्टातला माणूस आहे, मला वाचता येतं. आठ-दहा दिवस जुन्या पोस्टमननं नव्याला हिंडवावं, तशी ती वही कोणालातरी देता येईल. कोणाला ते अजून ठरवलेलं नाही. तो उदगीरचा मुलगा परत पार्सल घेऊन आला तर त्याला एकदा विचारणार आहे.

आणखी एक किस्सा होता, दोन कुलकर्ण्यांचा, पण घंटा परत वाजली. योगवर्गाच्या चटया दारात आल्यात.

वडे खाली आहेत. जिना उतरलात की डावीकडे वळा, जिथे पूर्वी इस्त्रीवाला बसायचा त्याच्या समोर. ज्यांना इस्त्रीवाला माहीत नाही त्यांनी आमच्या सौ.च्या मागून जा.